कायमचं कार्ड

"बाश्किम! अरे ए बाश्किम!"

रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. एकट्या बाश्किमनं पाहिलं नाही. आवाज कुणाचा ते त्याला न वळताच कळलं होतं. अख्ख्या अथेन्समध्ये त्याला या नावानं हाक मारणारी एकच बाई होती. बाकी सगळ्यांचा तो वासिलिस. आल्बेनियन नाव तोंडात बसत नाही म्हणून पहिल्या मुकादमानं ते ठेवलं, आणि यानंही ते नव्या सदऱ्यासारखं अंगात घातलं ते पुन्हा काढलं नाही.

सीमेवरच्या काकाविआच्या नाक्यावर ऑगस्टचं ऊन तापलं होतं. पलीकडे दिसणारे डोंगर आल्बेनियाचे. अथेन्सहून आलेल्या बसमधल्या सगळ्यांना खाली उतरवून खिडक्यांपुढे उभं केलं होतं. बाश्किमच्या खिशात कोरं करकरीत कार्ड होतं, ग्रीसमध्ये कायमचं राहण्याचं. मागच्याच महिन्यात हातात पडलेलं. आता ते दाखवून आईला भेटायला जायचं आणि ते दाखवून परत यायचं. चोरवाटा नकोत, दलाल नकोत. वाटेत त्यानं ते इतक्या वेळा चाचपलं होतं की शेजारचा उतारू वैतागला होता.

"म्हातारी तुला हाक मारतेय वाटतं," मागची बाई आल्बेनियनमध्ये म्हणाली.

"मला नाही," तो ग्रीकमध्ये म्हणाला.

"अगंबाई! कार्ड मिळालं की कान जातात वाटतं," ती शेजारणीला म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

हाक मारणारी नुरीए मावशी पलीकडच्या खिडकीशी अडकली होती. बसमध्ये ती मागच्या बाकावर बसून आली आणि याला पत्ताही नव्हता. पोलिसाशी चाललेलं तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. भाऊ गेला होता, मयताला निघाली होती. ग्रीसमध्ये राहण्याचा परवाना केव्हाच संपलेला. लोकांच्या इमारतींचे जिने पुसण्यात तिची उमर गेली, पण मालकांनी तिच्या नावावर विम्याचे शिक्के कधी लावले नाहीत, आणि शिक्के नाहीत तर परवाना नाही. एकदा पलीकडे गेली की परत येऊ देणार नाहीत, हे ती जाणून होती.

बाश्किम डोंगर ओलांडून आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पाय सुजलेले, पोटात अन्न नाही. नुरीए ना नात्याची ना गोत्याची, नुसती पलीकडच्या गावची. तिनं त्याला आपल्या तळघरातल्या खोलीत ठेवून घेतलं. दारावर पोलिसांची थाप पडली की ती त्याला खाटेखाली ढकलायची, पुढे धुण्याची टोपली सरकवायची, पुसायचं फडकं खांद्यावर टाकायची आणि अख्खं दार अडवून उभी राहायची.

"मी एकटीच असते, बाबा. माझ्याजवळ कुणी नाही."

पोलीस गेले की खाली वाकून चीज भरून भाजलेल्या ब्युरेकचा खरपूस कोपरा त्याच्या हातात द्यायची. "खा. भीतीनं भूक लागते." पुढे त्याला परवाना मिळाला, लग्न झालं, उजेडाचं घर झालं. येत्या रविवारी मावशीकडे जाऊ, असं म्हणता म्हणता सगळे रविवार निघून गेले.

"बाश्किम," खिडकीतल्या पोलिसानं कार्डावरचं नाव वाचलं आणि मान वर केली. "त्या आजी हाक मारत होत्या, तो तूच का?"

गणवेश दिसला की बाश्किमला भीती वाटायचीच, कार्ड मिळालं म्हणून ती गेली नव्हती. हो म्हटलं आणि यानं विचारलं, ओळख कुठली, तर? तिच्याकडे राहत होतास तेव्हा कागद होते का, तर? कार्ड अजून पोलिसाच्याच हातात होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी ओळखत नाही त्यांना."

पोलिसानं कार्ड परत दिलं. "अरे, घाबरतोस कशाला? कायमचं कार्ड आहे तुझं, तुला कोण हात लावतंय? आजींचे कागद व्हायला वेळ लागेल. सोबत कुणी असेल तर बस थांबवून धरतो, एवढंच. नाहीतर तो ड्रायव्हर निघून जाईल. या उन्हात गाठोडं घेऊन कुठं जाणार त्या?"

एवढंच होतं तर. आता बोलायला काहीच हरकत नव्हती. पण आता बोलायचं म्हणजे मघाचं खोटं सगळ्यांसमोर कबूल करायचं. मागच्या बायका कान टवकारून उभ्या होत्या. त्याची कानशिलं तापली. स्वतःची इतकी लाज त्याला त्या खाटेखालीही कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेनंच त्याचं तोंड शिवलं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

पोलीस खिडकीतून बाहेर आला. "आजी, हा तुमचा कुणी आहे का? तुमच्याबरोबर आहे?"

नुरीएनं बाश्किमकडे पाहिलं. त्याच्या मुठीत घट्ट धरलेलं कार्ड पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं, घाम पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि पोलीस आणि बाश्किम यांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मी एकटीच असते, बाबा," ती म्हणाली. "माझ्याजवळ कुणी नाही."