भुंगेऱ्यांशी बोलणं

राहीबाईनं साबणाच्या पाण्याची परात लिलीखाली धरली आणि तोंड फिरवून बसली. पलीकडून झुंबरबाई आली. तिनं पान हलवलं. लाल भुंगेरे टपाटपा परातीत पडले.

हे काम एकटीचं नव्हेच. नुसता हात लागला की भुंगेरा अंग सोडून देतो, खाली उताणा पडतो आणि त्याचं काळं पोट मातीत दिसत नाही. परात धरायला एक माणूस लागतं, पान हलवायला दुसरं. आणि मिरजगावच्या त्या अंगणात त्या दोघीच, सख्ख्या जावा, वाटणीपासून एकमेकींशी अबोला धरलेल्या.

वाटणीत सगळं निम्मं झालं. तांब्याचा बंब तेवढा निम्मा करता येईना. तो धाकट्या झुंबरबाईकडं गेला आणि बोलणं संपलं. भाऊ-भाऊ महिनाभरात एकाच टपरीवर चहा प्यायला लागले. बायका मात्र इरेला पेटलेल्या. सासूनं लावलेला लिलीचा वाफा मधोमध, दोघींचा. भुंगेऱ्यांनी पानांची चाळण केली तेव्हा कुठं दोघी तिथं आल्या.

"भुंगोबा, बंबातलं कढत पानी घिऊन बी काही जनींचं गुडघं दुखत्यातच," राहीबाई परातीला म्हणाली.

"काही जनींनी मागितला असता तर दिला असता की बंब, भुंगोबा," झुंबरबाई पानाला म्हणाली.

हळूहळू भुंगेऱ्यांना सगळंच कळू लागलं. कुणाच्या लेकीला दिवस गेलेत, कुणाचं कालवण खारट झालं. राहीबाई सकाळची वाट बघू लागली. मेली तरी कबूल केलं नसतं तिनं.

एका संध्याकाळी तिचा नवरा मच्छिंद्र अंगणात उभा राहून दोन्ही घरांना ऐकू जाईल असा ओरडला, "उद्या औषधाचा पंप मारतो! विषयच संपवतो!" आणि त्यानं तो संपवलाही. बिचाऱ्याला वाटलं, बायकोचे कष्ट वाचवले.

लिली टवटवीत झाली. राहीबाईचा जीव मात्र कशात रमेना. झुंबरबाई दारात यायची, वाफ्याकडं बघायची, आत जायची. दोघींपैकी एकीलाही बोलायला निमित्त सापडेना.

आठवडा कसाबसा गेला. मग एका पहाटे राहीबाई पदराआड एक डबी घेऊन वाफ्याशी आली. झाकणाला भोकं पाडलेली. नवरा ओरडला त्याच संध्याकाळी तिनं मांडीत कोरडी परात धरून एकटीनं काही भुंगेरे पकडून ठेवले होते, आणि रोज पान घालून जगवले होते.

ती वाकली आणि थबकली. पलीकडं झुंबरबाई उकिडवी बसली होती. तिच्या हातातल्या उघड्या काडेपेटीतून एक लाल भुंगेरा लिलीच्या पानावर चढत होता.

सवयीनं राहीबाई पानाकडं बघून म्हणाली, "भुंगोबा..."

"ऱ्हाऊ द्या त्याला, जाऊबाई," झुंबरबाई सरळ तिच्याकडं बघत म्हणाली. "तुमी किती आनल्यात?"