नव्या टाकीचं पाणी

टाकीत आठ मासे होते: पाच गप्पी, दोन मॉली आणि तळाशी काचेला चिकटून बसणारा एक काळा. सकाळी भार्गवीनं पाहिलं तेव्हा तीन गप्पी उलटे तरंगत होते. बाकीचे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. फिल्टर चालू होता, बुडबुडेही भरपूर होते. हवा असून ती त्यांना मिळत नव्हती.

ती तशीच पाळण्याकडे गेली. दोन महिन्यांची भाग्यलक्ष्मी झोपली होती. ओठांवरची निळसर झाक आजही होती आणि नखांवर कालच्यापेक्षा गडद.

"मासे आले आणि पोर निळी पडली," दारातून सासूबाई म्हणाल्या. "त्या पाण्याचा गारवा बाधतोय तिला. आज टाकी बाहेर जाऊ दे."

देशपांडे नगरच्या डॉक्टरांनी हृदय आणि फुप्फुसं ठीक असल्याचं सांगितलं होतं. रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा होता. भार्गवीचं दूध आटलं त्याच आठवड्यात टाकी घरात आली होती. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबासुद्धा तिनं बदलून पाहिला होता. आता तिचा नवरा मुकुलही आईच्याच बाजूनं बोलू लागला होता. टाकीचा दोष असेल तर ती स्वतः फोडून टाकणार होती, पण आधी तपासून.

बाळाच्या बाबतीत ती काहीच अंदाजानं करत नसे. त्यांचं घर रायापूरच्या नव्या प्लॉटांवर होतं; तिथं पूर्वी मिरचीची शेतं होती. नळाची लाईन अजून आली नव्हती. घरात पिण्यासाठी कॅनचं पाणी येई. ते कॅन कोण, कसे धुतं, हे भार्गवीला माहीत नव्हतं. म्हणून बाळाच्या दुधासाठी ती बोअरचं पाणी गाळून, पातेलं निम्म्याच्याही खाली जाईपर्यंत उकळायची आणि फ्लास्कमध्ये भरायची. मुकुल चिडवायचा, "पाण्याचा काढा करतीस काय?"

तिनं टाकीचं पाणी वाटीत घेतलं, टाकीसोबत आलेल्या तपासणीच्या पट्ट्या काढल्या आणि मासे देणाऱ्या मयूरला फोन लावला. नव्या टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया वाढतो, तो जिरवण्याइतका फिल्टर तयार व्हायला महिना लागतो, असं त्यानंच सांगितलं होतं. पण अमोनिया शून्य निघाला. नायट्रेट शंभर.

"शंभर?" मयूरनं पुन्हा विचारलं. "आठवड्याच्या टाकीत एवढं तयारच होत नाही, अक्का. फिल्टरची काही चूक नाही. हे पाणी भरतानाच आलंय. बोअरचं काय?"

"हो."

"मग शेतातल्या खताचं नायट्रेट मुरलं असणार त्यात. मासे काय करतील? पन्नासच्या वर गेलं की रक्त हवा धरत नाही. बाहेरनं ठणठणीत, आतनं गुदमरतात. आणि आटलं म्हणून वरनं तेच पाणी ओतत बसू नका. पाणी उडून जातं, हे नायट्रेट मागं राहतं. घट्ट होत जातं."

उरलेले मासे वाचवायला त्यानं दुकानातलं पाणी पाठवतो म्हटलं. भार्गवीनं फोन ठेवला. टाकी निर्दोष होती. कित्येक दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं. हे सासूबाईंना सांगायला ती वळली.

भाग्यलक्ष्मी उठून रडत होती. सासूबाईंनी फ्लास्क उघडून बाटली भरली होती आणि पावडरीचा चमचा हातात धरला होता.

"थांबा, आई."

"अगं, भूक लागलीय तिला."

भार्गवीनं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यातलं पाणी तिनं दुसऱ्या स्वच्छ वाटीत ओतलं. डबीत एकच पट्टी शिल्लक होती. ती तिनं बुडवली, बाहेर काढली आणि रंग थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तक्त्याशेजारी धरली.

पट्टी शेवटच्या चौकोनाशी जुळली. अडीचशे.