पाट्या घेऊन ये

तापल्या समुद्रातले मासे ओमानकडे गेले आणि त्यांच्यामागे हर्णैच्या होड्याही गेल्या. एका दुपारी वारा पूर्ण पडला, पाण्यावर वायरलेसचे आवाज लांबवर वाहून नेणारा हवेचा जड थर बसला आणि गोदाआयेच्या कमरेचा कधीपासून मुका असलेला वायरलेस बोलला.

"आये, बंदरात शिरतोय गो. पाट्या घेऊन ये!"

तिचा हिरामण! सवयीने मासळीच्या पाट्या उचलून ती धक्क्यावर धावली. समोर रिकामा समुद्र होता.

हिरामणच्या वायरलेसचं बटण दाबलेलंच होतं, पलीकडचं बोलणं तिला ऐकू येत होतं. त्याचा खलाशी हसला, "तांडेल, रोज हाका मारतोस. ओमानातून तिला काय ऐकू जाणार?"

"न जाईना का. बंदरात शिरताना आयेला सांगायचं असतं."

त्याचं बटण सुटताच गोदाआयेने आपलं दाबलं. "आलेय रे. पाट्या घेऊन उभी हाय."

मग समुद्रापलीकडे तिचा आवाज नीट ऐकायला हर्णैच्या एकेका होडीचं इंजिन बंद होताना तिला वायरलेसवर ऐकू आलं.