नऊ पोरांचा बाप

कुचबिहारमधल्या जोबेदच्या गावाला चारही बाजूंनी भारताचा वेढा, पण नकाशात ते गाव बांगलादेशाचं. विचारायला दोन्हीकडून कुणी यायचं नाही. तिथल्या पोरांना शेजारच्या शाळेत घालायचं तर बाप भारतातला लागायचा. म्हणून शेजारच्या भारतीय गावातल्या सडाफटिंग खालेकनं आपलं नाव देऊन टाकलं.

"खालेकभाई, लग्नाचा पत्ता नाही आणि पोरं नऊ?" हेडमास्तर टोमणा मारायचे.

"दहावं पुढल्या वर्षी आणतो. जागा धरून ठेवा."

शाळेनं बोलावलं की तो इस्त्रीचा सदरा घालून जायचा. जोबेदच्या पोरीच्या, शेफालीच्या गणितावरून खाली मान घालून बोलणी खायचा आणि परतताना तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचा.

मग दोन्ही सरकारांनी असल्या गावांची अदलाबदल केली. जोबेदचं गाव भारतात आलं आणि शाळेत प्रत्येक पोरापुढे ज्याच्या त्याच्या बापाचं नाव लागलं. जोबेद रसगुल्ल्यांची हंडी घेऊन आला.

"घे, तोंड गोड कर. सुटलास बाबा एकदाचा आमच्या कटकटीतून!"

खालेकनं एक रसगुल्ला सावकाश चावून गिळला.



"जोबेद, देश न मिळालेलं एखादं गाव राहिलंय का रे अजून?"