सांधा मातीच्या वर

"हे उत्तर मी दिलेलं नाही," भारती म्हणाली आणि तिने मोबाइल काउंटरवरून विनोदच्या पुढ्यात सरकवला.

विनोद तिचा चुलतभाऊ. तलासरीच्या नाक्यावर त्याचं मोबाइलचं दुकान. बाबा होते तेव्हा त्यानेच ‘चिमण नर्सरी, वेवजी’ असं पेज काढून दिलं होतं, बाबांच्याच मोबाइलवर, आणि बोललेलं मोबाइलच लिहून घेईल अशी सोयही करून दिली होती. बाबा गेले आणि मांडवाखाली चिकूची कलमं तशीच उभी राहिली. ती विकून टाकायची, नर्सरी बंद करायची आणि आईला डहाणूला आपल्या खोलीवर न्यायचं, असं भारतीने ठरवलं होतं. त्यासाठीच तिने आयुष्यात पहिल्यांदा पैसे भरून जाहिरात टाकली.

पहिली जाहिरात फुकट गेली. कुठे दाखवायची, या प्रश्नाला तिने अख्खा महाराष्ट्र असं उत्तर दिलं होतं. दूरदूरच्या शहरांतून नुसते अंगठे आले. एका बाईने बाल्कनीतल्या कुंडीत चिकू धरेल का, असं विचारलं. मग विनोदने समजावलं. नकाशावर टाचणी वेवजीला टोच, घेर तलासरी, डहाणू, उंबरगाव एवढाच धर, शेती-बागेची आवड असलेल्यांनाच दाखव. दुसऱ्या जाहिरातीला खरी गिऱ्हाइकं आली.

आणि भारती ऑफिसात असताना त्यांना कोणीतरी उत्तरं देऊ लागलं.

विनोदने मोबाइल उचलून मोठ्याने वाचलं. "पोरा कलम खिरणीच्या खुंटावरचं आहे सांधा मातीच्या वर ठेव बुडाशी पाणी तुंबू देऊ नको हट काबरे." त्याने मान वर केली. "काबरी कोण?"

"आमची शेळी. बाबांच्या मागे मागे मांडवात शिरायची."

"ताई, हे काकाच बोलल्यासारखं वाटतं गं."

"म्हणून तर तुला विचारतेय. तू नाहीस ना?"

"मी? मला कलम आणि काठी यांतला फरक कळत नाय. काकाने दोनदा हाकललाय मला मांडवातून." त्याने पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "पेज दोन मोबाइलवर चालू आहे. एक तुझा. दुसरा काकाचा."

"बाबांचा कसा असेल?"

"तेच तर. रिचार्ज वर्षभराचा होता, मीच मारून दिलेला. पण मोबाइल..."

मोबाइल बाबांबरोबर गेला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. कलम बांधायचा चाकू, चुन्याची डबी, मोबाइल. माणसाच्या रोजच्या वस्तू त्याच्याबरोबर द्यायच्या, म्हणून आईने त्या फडक्यात बांधून गाठोडं स्वतः चितेवर ठेवलं होतं. गाठसुद्धा दुसऱ्या कोणाला मारू दिली नव्हती.

"कोणी हॅक केलं असेल," विनोद म्हणाला. "पासवर्ड बदलून टाक."

"हॅक करणारा माझी शेळी हाकलेल का रे?"

विनोदने डोकं खाजवलं. "काम तर चांगलं करतोय. गिऱ्हाइकं खूश आहेत."

पासवर्ड बदलायचा ठरवून भारती रिक्षात बसली. वेवजी येईपर्यंत तिने तो रकाना दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला.

आई घरामागच्या जुन्या चिकूखाली बसली होती. पाठ घराकडे, पदर पुढे ओढलेला, मान मांडीवरच्या तंबाखूच्या चंचीवर वाकलेली.

"ऐकलंस का रे?" ती कोणाला तरी म्हणत होती. "काल सांगितलं ते केलंस का?"

भारतीची चाहूल लागताच तिने हातातलं काहीतरी चंचीत सारलं आणि चंची कमरेला खोचली.

हे बाबा गेल्यापासून चाललं होतं. शेजारची बुधी एकदा भारतीला बाजूला घेऊन म्हणाली होती, "तुझी आय चिमणदादाशी बोलते. हसते पण. दाखव कोणाला तरी." भारतीने डहाणूला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नाव लावलं होतं. उद्याचंच.

"कोणाशी बोलत होतीस, आई?"

"झाडाशी. तुला काय त्याचं?"

"उद्या डहाणूला जायचंय. डॉक्टरकडे."

"मला काय धाड भरलीय?"

"नुसतं दाखवायचं. आणि मग राहा ना माझ्याकडेच."

"आणि इथं पाणी कोण घालील? तुझी जाहिरात?" आई उठली आणि मांडवात शिरली. कलमांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या ती एकेक वाचत चालली. चौथीपर्यंत शिकलेली होती. वाचायची सगळं, पण लिहायचं म्हटलं की पेन बाबांच्या हातात द्यायची. भारतीने घेऊन दिलेला मोबाइल तर तिने खोक्यातून बाहेरही काढला नव्हता.

दिवस कलताना भारती ओटीवर बसली. आत तिची आणि आईची पिशवी भरून ठेवलेली होती. आईला इथून उपटून नेणं बरोबर की चूक, हे तिला कळेनासं झालं होतं. विचारायला कोणी नव्हतं. आपण वेड्यासारखं करतोय हे कळत असूनही तिने आपल्याच नावाने पेजला मेसेज लिहिला. ‘बाबा, आईला इथून नेऊ का?’

पाठवला, आणि तिची तिलाच लाज वाटली.

मेसेज वाचला गेल्याची खूण उमटली.

बराच वेळ काही नाही. मग घरामागून, चिकूखालून, आईचं पुटपुटणं ऐकू आलं. पुन्हा सुरू झालं होतं.

"नुकतं बांधलेलं कलम जागचं हलवू नये, पोरी," आई हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणत होती. मग एकदम मोठ्याने, "हट काबरे!"

तिला घरात आणायला भारती उठली. हातातला मोबाइल थरथरला.

‘नुकतं बांधलेलं कलम जागचं हलवू नये पोरी हट काबरे’