पिठात न उमटलेले पाऊल

२३ जानेवारी २०२३, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. मोर्शीच्या बाजूला, संत्राबागांच्या पट्ट्यातले एक पोलीस ठाणे. उपनिरीक्षक रागिणी वानखडे हिच्या टेबलापुढे दोन माणसे आणि एक बांबूची टोपली.

टोपली दुर्गाबाईंनी आणली होती. त्यांच्या मागोमाग, धापा टाकत, त्यांचे यजमान खुशालराव आत आले होते.

"टोपली कायले आणली? संत्री विकाले आली का इथं?" खुशालराव दबक्या आवाजात खेकसले. "चाल घरी. साऱ्या गावात हसं करून राहिली."

"तुमी गप बसा," दुर्गाबाई म्हणाल्या आणि रागिणीकडे वळल्या. "मॅडम, माहा पोरगा मेला नाई."

रागिणीने पेन खाली ठेवले. आठवडाभरापूर्वी एका पडीक विहिरीत प्रेत सापडले होते. पाण्याने चेहरा उरला नव्हता. डोक्याची जखम कठड्यावर आपटूनही झालेली असू शकते, असे डॉक्टरांचे मत पडले आणि अकस्मात मृत्यूची नोंद झाली. ओळख पटवताना रागिणी आपल्या नेमाने वागली होती. वस्तू आधी दाखवायच्या नाहीत; आधी विचारायचे, मग गाठोडे उघडायचे. खुशालरावांनी न चाचरता सांगितले होते: निळ्या चौकटीचा शर्ट, दुसरे बटण वेगळ्या रंगाचे, उजव्या मनगटाला काळा दोरा. सारे जुळले. इतके नेमके उत्तर तिने क्वचितच ऐकले होते. प्रेत त्यांच्या मुलाचे, कुलदीपचे ठरले, घरच्यांच्या ताब्यात गेले, त्याला अग्नी दिला गेला.

कुलदीपवर एक खटला चालू होता. नांदगाव पेठेत एका गिरणीबाहेर झालेल्या मारामारीत त्याने एका माणसाला जन्माचे पांगळे केल्याचा आरोप होता. निकाल तोंडावर आला होता. आरोपीच उरला नाही, म्हणजे तोही खटला संपल्यात जमा होता.

"कशावरून म्हणता, मावशी?"

दुर्गाबाईंनी टोपली टेबलावर पालथी घातली. अग्नी दिल्यावर त्यांनी घरात दिवा लावला होता, दिव्याशेजारी जमिनीवर पीठ चाळले होते आणि त्यावर ही टोपली झाकली होती. गेलेला माणूस रात्री येतो, पिठात पाऊल ठेवतो. कुणाचे पाखराचे उमटते, कुणाचे माणसाचे. ही त्यांच्या घरची पिढ्यांची रीत होती.

"तीनई राती झाकली. पीठ जसंच्या तसं. मुंगीबी फिरकली नाई." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "माह्या सासऱ्याचं उमटलं, सासूचं उमटलं. मंग पोटच्या पोराचंच कावून नाई?"

"पुत्रशोक हाय, मॅडम," खुशालराव म्हणाले. "डोकं फिरलं तिचं. तुमी कागद पुरे करून टाका."

रागिणी हसली नाही. ते प्रेत शवागारात पालथे केले तेव्हा तिने त्याचे तळवे पाहिले होते. भेगाळलेल्या टाचा, झिजलेली बोटे. वर्षानुवर्षे अनवाणी चालणाऱ्याचे पाय. तेव्हापासून ते पाय तिच्या मनातून गेले नव्हते.

"मग मावशी, जाळलं ते कोण?"

"मले काय ठाऊक, बाई? तो गेला असंल त्याच्या घरी. तिथं कोणं टोपली झाकली नसंल त्याच्यासाठी."

रागिणीने पेन पुन्हा उचलले.

"पण शर्ट तर कुलदीपचाच होता ना?"

"होता की. पन तो अंगात घालून गेलाच नाई मुळी!" दुर्गाबाईंना आपला मुद्दा सापडला. "घरून निंगाला तेव्हा पांढरा होता अंगावर. निळा म्या धुवून तारेवर टाकला होता. सांजेले पायते, तं तारेवर नाई."

"तिले काय आठोते!" खुशालराव एकदम उठून उभे राहिले.

रागिणीने त्यांच्याकडे पाहिले नाही. चेहरा नसलेल्या प्रेताची एक दाढ आणि मांडीच्या हाडाचा तुकडा तिने नियमाप्रमाणे राखून ठेवायला लावला होता. त्याच्याशी ताडून पाहायला आईचे रक्त पुरेसे होते; तिने दुर्गाबाईंकडे ते मागितले.

"सुई नोका टोचू तिले. शुगर हाय तिले," खुशालराव म्हणाले.

"बसा हो!" दुर्गाबाईंनी लुगड्याचा काठ दंडावर सारला. "माह्या पोराचं काम हाय. घ्या मॅडम, पायजे तेवढं घ्या."

अहवाल मार्चमध्ये आला. हाड आणि रक्त यांचे नाते नव्हते. त्याच आठवड्यात अकोल्यातल्या एका लॉजवर, दाढी वाढवलेला, दुसऱ्याच नावाने राहणारा एक तरुण ताब्यात घेतला गेला.

रागिणी जीपमधून उतरली तेव्हा दुर्गाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. खुशालराव ओट्यावर होते. अंगात धुतलेला सदरा, पायांत चपला, मांडीवर टोपी. कुणीही निरोप दिलेला नसताना ते तयार होऊन बसले होते.

"गावला काय माहा पोरगा?" दुर्गाबाईंनी विचारले.

"गावला, मावशी. जिवंत आहे."

दुर्गाबाईंच्या मांडीवरचे सूप कलंडले. त्या लगबगीने आत गेल्या, गुळाचा खडा घेऊन आल्या आणि तो रागिणीच्या तळहातावर ठेवून त्यांनी तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "तुमच्या पोटी सोनं येईल, बाई! आता त्याले घरी कवा आनता?"

ओट्यावर खुशालरावांनी टोपी डोक्यावर चढवली आणि ते जीपकडे चालू लागले.

त्या दिवशी ठाण्यात खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आला. मृत एक, नाव अज्ञात. आरोपी दोन.