पायरीखालची सापसुरळी

"काका, हलू नका," संशोधक मुलगी कुजबुजली. "तुमच्या पायाशी बघा."

चिमटाकाकांना बघायची गरजच नव्हती. सकाळच्या चहाच्या वेळेला चौकीच्या पायरीखालून सापसुरळी बाहेर येते, हे त्यांना ठाऊक होतं. तिच्यासाठी वाळवी उकरून ठेवणारे तेच. तांबूस पाठ, कडेला काळा पट्टा, तेल चोपडल्यासारखी चकचकीत. जंगलातल्या त्या चौकीकडे महिनोन्‌महिने दुसरं कुणी फिरकत नसे. दिवसातला पहिला शब्द काकांच्या तोंडून निघायचा तो तिच्यासाठीच. "आलीस का गं?"

म्हणून तर गेले तीन दिवस त्यांनी मुलीला ओढ्यापलीकडे, जिथे एकही सापसुरळी नाही, तिथे पायपीट करायला लावली होती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" मुलगी हसली. "हीच ती काका, अजून कुणी नाव न दिलेली जात. अख्खी मिळाली तर आजच स्पिरिटच्या बाटलीत घालून नेते. शेपटी तुटलेली आमचे साहेब घेत नाहीत, माहितीये ना? तुम्हीच धरा. माझ्या हातून तुटेल."

काकांचं नाव पडलं होतं ते त्यांच्या हातामुळेच. मानेमागे दोन बोटांचा चिमटा, अलगद. संशोधकांना सापसुरळ्या धरून देताना बावीस वर्षांत एकीचीही शेपटी तुटली नव्हती. ही मुलगी नवशिकी होती तेव्हा त्यांनीच तिला दटावलं होतं, "पोरी, काहीही कर, शेपटीला हात लावू नकोस."

काका वाकले. सापसुरळी पळाली नाही. उलट दोन पावलं पुढे आली. बोटांत वाळवी असेल असं तिला वाटलं. मग काकांनी हात जरा मागे नेला आणि शेपटी गच्च धरली.

सापसुरळी पायरीखालच्या फटीत गेली. काकांच्या बोटांत नुसती शेपटी वळवळत राहिली.

मुलीने शेपटीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तुमच्या हातून, काका?"

"वय झालं, पोरी."

शेपटी तिने छोट्या बाटलीत टाकली, सामान आवरलं आणि दुपारी जीपने निघाली. जाताना 'येते' म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी चहाच्या वेळेला पायरीवर पानात वाळवी ठेवली. ती मुंग्यांनी नेली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी फटीतून एवढंसं डोकं दिसलं. काका श्वास रोखून बसले. डोक्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ते आत गेलं.

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले.

मग वाळवीचं पान त्यांनी फटीपाशी सरकवलं. आणि तिला निवांत खाता यावं म्हणून आत जाऊन दाराला कडी घातली.